दाताचं काम

गुलाबी लगद्याने भरलेला साचा सोपानच्या वरच्या दातांवर बसवून डॉ. प्रतिभा यांनी तो दोन बोटांनी दाबून धरला आणि नाकाने श्वास घेत राहायला सांगितलं. लगदा थंड होता, त्याला लहान मुलांच्या औषधासारखा गोडसर वास येत होता. सोपानने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. त्याला बोलता येत नव्हतं की गिळता येत नव्हतं. तेवढी संधी साधून बाजूच्या स्टुलावर बसलेल्या कुशाबाईने नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातली.

लग्न होऊन ती मळ्यात नांदायला आली तेव्हापासून हा माणूस झोपेत दात खातो, असं तिचं म्हणणं होतं. नवी नवरी असताना तिला वाटलं, आपल्यावरच कसला तरी राग आहे. भीत भीत सासूला विचारलं, तर सासूने जंतावरचं औषध म्हणून ओव्याचं पाणी पाजायला सांगितलं. पुढे सवय झाली. मधमाशा पाळणाऱ्याला गुणगुण ऐकू येईनाशी व्हावी तसं तिचं झालं. पण गेल्या दोनअडीच महिन्यांत मात्र आवाज वाढला होता. झोप लागत नाही, लागली तर मोडते.

"आधी असं नव्हतं," ती म्हणाली. "आता पत्र्यावर दगड घासल्यावानी येतंय. अंगावर काटा येतो माझ्या."

सोपानने हात हलवून नाही-नाही अशी खूण केली. डॉक्टरीणबाई हसल्या आणि मान हलवू नका म्हणाल्या.

खरं तर तो आवाजासाठी आलाच नव्हता. आमटी-भात खाताना त्याची एक दाढ उभी चिरली होती. भातात खडा आला असं समजून त्याने कुशाबाईला बोल लावला होता. पण ताटात खडा सापडला नाही. ओतूरच्या एसटी स्टँडजवळ बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा दवाखाना. तिथे डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून त्याचेच दात त्याला दाखवले. टोकं उरलीच नव्हती. जुन्या पाट्यासारखे सगळे सपाट झाले होते. दाढेवर टोपी बसवता येईल, त्या म्हणाल्या, पण रात्री दात असेच घासत राहिलात तर ती टोपीही टिकणार नाही. झोपताना घालायला नाइट गार्ड करून घ्या.

साचा निघाला. सोपान चूळ भरत असताना त्यांनी विचारलं, "काही काळजी आहे का मनाला? सगळ्यांचंच कारण तेच असतं असं नाही, पण विचारावं लागतं. दिवसा माणूस गप्प राहतो आणि झोपेत जबडा आवळला जातो."

"काळजी कशाची?" कुशाबाईनेच उत्तर दिलं. "एकच लेक. तिचं बी चांगल्या घरी झालं."

सोपानने तोंड पुसत मान डोलावली. त्याचंही तेच मत होतं.

लेक आरती सध्या मळ्यातच होती. गोठ्यात पाय घसरून कुशाबाईचं मनगट मोडलं, तेव्हा ऐन कांदाकाढणीत घरात करायला कुणी नव्हतं. सोपानने घोडेगावकडे विहिणीला फोन लावला आणि चाचरत विचारलं, चार दिवस आरतीला पाठवता का. विहीण लंकाबाई लगेच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी जावई सुदर्शन स्वतः गाडी घेऊन आला आणि आरतीला सोडून गेला. सोपानने ही गोष्ट पुढे बऱ्याच जणांना सांगितली. हल्ली कोण पाठवतं सुनेला असं, हंगामात? ही सोयरीक त्याने स्वतः पाहिली होती, स्वतः जमवली होती. माणसं शांत, घरात वरचा आवाज नाही, हे त्याला पहिल्या भेटीतच भावलं होतं.

आता प्लॅस्टर निघून बरेच दिवस झाले होते. कांदाही पात काटून चाळीत पडला होता. तरी आरती राहिली होती. ती जायचं नाव काढत नव्हती आणि तिकडूनही घाई होत नव्हती. सोपानला हेही त्यांचं मोठेपण वाटत होतं.

नाइट गार्ड पुण्याहून तयार होऊन आला. पारदर्शक, कडक, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. सोपानने पहिल्यांदा तो घातला तेव्हा 'स' म्हणताना त्याची जीभ अडखळू लागली. कुशाबाई म्हणाली, बैलाला घालतात तसं मुसकं घातलंय डॉक्टरणीनं. सोपानने गार्ड तोंडात ठेवूनच उलट उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. तेव्हा आरती हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली होती. पण हसता हसता तिने एकदम गालावर हात दाबला आणि ती थांबली.

"काय झालं?" कुशाबाईने विचारलं.

"काही नाही. उसण भरली असेल."

सोपान गार्ड नेमाने घालू लागला. सकाळी ब्रशने घासून डबीत ठेवायचा, डबी भिंतीतल्या देवळीत. दाढेचं दुखणं थांबलं होतं, कानशिलं ठणकायची ती थांबली होती. त्याला वाटलं, एवढं आधीच करायला हवं होतं. पण कुशाबाईची तक्रार काही मिटेना. सकाळी चुलीपुढे बसली की तिचे डोळे तांबारलेले असायचे. आवाज येतोच म्हणायची. सोपान चिडला. गार्ड घालून आवाज कसा येईल? ती म्हणाली, ते मला काय ठाऊक, मी ऐकते ते सांगते. यावरून त्यांची दोनतीनदा वादावादी झाली. तुमी झोपंत काढून टाकत असाल, ती म्हणाली. मग सकाळी तोंडात कसा असतो, तो म्हणाला. आरती तेवढ्यापुरती उठून बाहेर जायची. शेजारच्या उसात बिबट्या वावरायला लागल्यापासून ओसरीवर कुणी झोपत नव्हतं. मधल्या खोलीत एका भिंतीला सोपानची खाट, आणि खाली मायलेकींची अंथरुणं, असे ते तिघे दार लावून झोपत.

ओतूरला खत आणायला गेला तेव्हा सोपान गार्ड खिशात घालूनच दवाखान्यात चढला. त्याने तक्रार सांगितली. डॉक्टरीणबाईंनी गार्ड दिव्याखाली धरून उलटापालटा केला, मग त्याच्या तोंडात बसवून त्याला दात घासायला लावले. काहीच ऐकू आलं नाही.

"बघा. हा घातल्यावर दातावर दात येतच नाही. आवाज कुठून येणार?"

"मंडळी म्हणते, येतो."

"मग दुसरं काहीतरी असेल. खोलीत आणखी कोण असतं?"

"लेक असते," सोपान म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे वर पाहिलं. त्यांनी गार्ड पाण्याखाली धुऊन त्याच्या हातात दिला. सोपान जिना उतरला, गोण्या पिकअपमध्ये टाकल्या आणि घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात उंदीर घोळत होते. माळ्यावर धान्याची पोती होती. पिंजरा लावला पाहिजे, असं त्याने ठरवलं.

त्याच दुपारी लाइट गेल्यामुळे मोटार बंद पडली आणि तो पाणी देणं अर्धवट टाकून घरी आला. कुशाबाई शेजारच्या मळ्यात गेली होती. ओसरीवरच्या रांजणातलं पाणी पिऊन तांब्या ठेवताना त्याला तो आवाज ऐकू आला. आतून येत होता. दाणे नसलेलं जातं कुणी हळूहळू ओढावं तसा. उंदीरच, असं वाटून त्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायाचा आवाज न करता दारात गेला.

आरती फरशीवर एका कुशीवर झोपली होती. डोक्याखाली उशी नव्हती, नुसता हात होता. चाळीत निवडलेल्या कांद्याच्या टरफलांचे तुकडे अजून केसांत होते. तिच्या कानाच्या खाली गालात एक गाठ उठत होती, सरकत होती, पुन्हा आवळली जात होती. ओठ मिटलेले होते. कपाळावर आठी होती, अशी की कुणीतरी समोर उभं आहे आणि ती त्याचं ऐकून घेते आहे.

सोपान काठी धरून तसाच उभा राहिला. आपल्या झोपेत आपणही असेच दिसत असू का, हा विचार त्याच्या मनात आला आणि लगेच निघून गेला. लहान असताना ही अशी झोपत नव्हती. तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून, कुणी उचलून नेलं तरी कळणार नाही अशी झोपायची.

आरतीने डोळे उघडले.

"काय झालं आप्पा? काठी कशाला?"

"काय नाय. उंदीर व्हता."

ती उठून बसली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कानाजवळ चोळू लागली. ते चोळणं त्याने याआधीही पाहिलं होतं. सकाळी चहा घेताना, भांडी घासून झाल्यावर, कांदा काटताना मध्येच विळा खाली ठेवून. भाकरी ती कालवणात पार भिजवून खायची, तेही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्यापुढे काही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गोठ्यात धार काढताना त्याने कुशाबाईला सांगितलं. बादलीत दुधाच्या धारा पडत राहिल्या.

"म्हणजे मी तुमचं समजून तिचं ऐकत व्हते," ती म्हणाली.

"व्हय."

"तिच्या गादीच्या अंगालाच मी निजते. मला कळाया नको?"

अंधारात आवाजाची दिशा कळत नाही, असं काहीतरी तो म्हणाला. कुशाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिकडं काय हाय ते इचारलं पाहिजे, असं ती म्हणाली. तिने स्वतः दोनदा विचारून पाहिलं होतं. सगळं बरं आहे, एवढंच उत्तर मिळालं होतं. आता तुमी इचारा.

सोपानने विचारलं. त्याला अशा गोष्टी विचारायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी चाळीत कांद्यावरून हात फिरवत, सडलेला कांदा वेचून टाकत, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं. तिकडं सगळं बरं हाय ना? हो, आरती म्हणाली. सासूबाई? बऱ्या आहेत. जावईबापू मारत-बिरत तर न्हाईत ना? त्यावर ती इतक्या सहज नाही म्हणाली की ते खोटं नाही हे त्याला कळलं. दारू? नाही. खायला-प्यायला? आप्पा, काहीतरीच काय. त्याच्याजवळचे प्रश्न तेवढ्यावर संपले. मुलीला सासरी काय काय होऊ शकतं, याची त्याच्याकडची यादी एवढीच होती. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तरीही रात्री खाटेवर पडल्यावर त्या आवाजाची वाट पाहत राहिला.

बुधवारी सुदर्शनचा फोन आला. तो नेहमी सोपानच्याच फोनवर करायचा. सोपानला त्यात मान वाटायचा. आरतीच्या नणंदेची लग्नाची सुपारी ठरली होती, पाहुणे येणार होते. उद्या गुरुवारी चाकणला कंपनीला सुट्टी आहे, मी आणि आई न्यायला येतो, असं त्याने सांगितलं.

"मामा, तयार राहायला सांगा तिला."

"सांगतो की. देऊ का फोन तिच्याकडं? हितंच हाय."

"नको नको, तुम्हीच सांगा," सुदर्शन म्हणाला आणि फोन ठेवला.

आरतीने ऐकलं होतं. आतल्या खोलीत जाऊन तिने बॅग काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मध्येच कुशाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी एकाच साडीची दोन टोकं धरून घडी करताना सोपानला दिसल्या.

गुरुवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी मळ्यात आली. लंकाबाई गोरी, बुटकी, बोलायला गोड. ओसरीवर सतरंजी टाकली होती, तिच्यावर बसल्या बसल्या तिने कुशाबाईचं मनगट हातात घेऊन पाहिलं, कुठं दुखतंय, शेकते का, अशी मायेने चौकशी केली. सुदर्शनने चाळीतला कांदा पाहिला, यंदा माल चांगला टिकेल म्हणाला. सोपानला बरं वाटलं. उगाच आपण काहीबाही मनात आणलं, असंही वाटलं.

आरती पाणी घेऊन आली.

तिने तांब्या-पेले असलेलं ताट नवऱ्याच्या हाताशी धरलं नाही. सतरंजीच्या कडेला, त्याच्यापासून हातभर लांब, खाली ठेवलं आणि मागे सरून उंबऱ्याशी उभी राहिली. सुदर्शन बोलत होता. त्याचं बोलणं थांबलं नाही. ती मागे सरेपर्यंत त्याची नजर गाडीकडे होती. मग त्याने हात लांबवून पेला उचलला. दोघांनाही हे इतकं सवयीचं होतं की कुठे काही अडलं नाही.

"कुशाताई," लंकाबाई म्हणाली, "च्यात साखर कमी टाकाया सांगा बरं. मला शुगर निघालीय."

आरती तिच्यापासून चार पावलांवर उभी होती. कुशाबाईने मान वळवली आणि लेकीला सांगितलं, साखर कमी टाक गं. आरती आत गेली. सोपानच्या कपाळाला आठी पडली. का, ते त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

चहा आला. पुन्हा ताट खाली, पुन्हा मागे सरणं. सुपारीच्या गोष्टी झाल्या. नवरा मुलगा मंचरला मेडिकल दुकान चालवतो, माणसं मोठी आहेत, घरातलं एकूण एक माणूस त्या दिवशी दिसलं पाहिजे, नाहीतर लोक तोंडावर विचारतात. आमची थोरली सून कुठं हाय म्हणून आत्ताच विचारायला लागलेत, लंकाबाई हसून म्हणाली. थोरली सून, असं ती म्हणाली तेव्हाही तिने उंबऱ्याकडे पाहिलं नाही. त्या दोघांच्या नजरा उंबऱ्याच्या अलीकडे येऊन थांबत होत्या, दुसरीकडे वळत होत्या. तिथे जणू नुसता दरवाजा होता.

सुदर्शनने कप ठेवला. "मामा, बॅग भरली असेल तर गाडीत ठेवायला सांगा. ऊन व्हायच्या आत निघू."

सोपानने आरतीकडे पाहिलं. तिच्या कानाखालची ती गाठ उठली होती. जागेपणी, उभ्या उभ्या.

"ती काय, हितंच उभी हाय," सोपान म्हणाला. "तुमीच सांगा की पावणं."

सुदर्शन हसल्यासारखं करून आईकडे पाहू लागला.

"त्यात काय सांगायचं," लंकाबाई म्हणाली. "ऐकलंच असंल."

"तसं न्हाई. इचारू द्या त्यांना. आरती, बॅग भरली का, एवढंच."

सोपानचा आवाज चढला नव्हता. उलट तो विनवणी केल्यासारखाच बोलला होता, कारण त्याला खरंच वाटत होतं की आता जावई मान वळवेल, चार शब्द विचारेल आणि ही सगळी शंका विरून जाईल. तो वाट पाहू लागला. सुदर्शनने फोन हातात घेतला, अंगठ्याने त्याची काच पुसली, पुन्हा पुसली. गोठ्यात म्हशीने शेपटीचा फटकारा मारला. कुशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आरती नवऱ्याकडे पाहत होती. सोपानला तिच्या डोळ्यांत दिसलं की तीही वाट पाहते आहे. त्याच्यासारखीच, आणि त्याच्या आधीपासून.

सुदर्शन काही बोलला नाही. कानापर्यंत तांबडा झाला, पण बोलला नाही.

"पावणं, हे काय चाललंय?" लंकाबाईचा गोडवा थोडा पातळ झाला. "नेयाला आलो, तर आमची परीक्षा घेता का?"

सोपानने चहाचा कप उचलून एका बाजूला सरकवला. त्याला आपल्या हाताला काहीतरी काम हवं होतं. ही माणसं त्यानेच शोधली होती. घरात वरचा आवाज नाही, असं त्यानेच भावकीत सांगितलं होतं.

"आरतीला आत्ता पाठवता येणार न्हाई," तो म्हणाला.

"का बरं?"

"दाताचं काम काढलंय तिचं."

कुशाबाईने झटकन त्याच्याकडे पाहिलं. असं कुठलंही काम काढलेलं नव्हतं. आरती ओतूरच्या दवाखान्याची पायरी एकदाही चढली नव्हती.

"दाताचं?" लंकाबाई म्हणाली. "मग सुपारी झाल्यावर करा की. घोडेगावला काय डॉक्टर न्हाईत?"

"मधी सोडून चालत न्हाई," कुशाबाई म्हणाली. तिने पदराचं टोक सोडलं होतं. "डॉक्टरीण लई कडक हाय. अर्धवट ठेवलं तर जबडा धरतो म्हनली."

"आणि लोकांनी विचारल्यावर आमी काय सांगायचं?"

"सांगा," सोपान म्हणाला, "दाताचं काम चालू हाय म्हणून. लागंल तितके दिवस लागतील."

त्यानंतर थोडं बोलणं झालं, पण त्याला अर्थ नव्हता. लंकाबाईने दोनदा हे बरं दिसत नाही असं म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती उठून उभी राहिली होती. सुदर्शन आधीच गाडीपाशी गेला होता. दार उघडताना त्याने एकदा ओसरीकडे पाहिलं. काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात आलं असावं, असं सोपानला वाटलं. पण आईने आत बसून काच वर केली आणि तोही बसला. धूळ बराच वेळ मळ्याच्या वाटेवर राहिली.

कुणीच जागचं हललं नाही. मग आरती पुढे आली, खाली वाकून कप गोळा करू लागली. तिच्या हातात कप एकमेकांवर वाजत होते. कुशाबाईने तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

सोपानने खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली घेतली.

"चप्पल घाल. ओतूरला जाऊ."

"कशाला आप्पा?"

"दाताचं काम हाय ना."

आपल्या दाताला काही झालेलं नाही, असं ती म्हणाली नाही. आत जाऊन तिने तोंड धुतलं आणि ओढणी घेऊन आली. वाटेत ती त्याच्या खांद्याला धरून बसली होती. मधल्या चढावर त्याला पाठीवर तिचं कपाळ टेकल्यासारखं वाटलं. त्याने गाडीचा वेग कमी केला.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागायला वेळ लागला. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी सोपानकडे पाहिलं, मग आरतीकडे, आणि तिला खुर्चीत बसवलं. आ करा म्हणाल्या. आरतीने तोंड उघडलं, पण ते दोन बोटांच्या वर उघडेना. जबरदस्ती करू नका, म्हणत त्यांनी दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले आणि अंगठ्यांनी त्या गाठी हलकेच दाबल्या. आरतीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"किती दिवसांपासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

सोपान दाराजवळ उभा होता. दिवाळीला ती माहेरी आली होती. भाऊबीज चुलत भावांनी केली होती. त्याने मुलीला गाडीत बसवून दिलं होतं, सोबत फराळाचा डबा दिला होता.

"दिवाळीच्या सुमाराला काही झालं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जसं त्यांनी त्याला विचारलं होतं तसंच.

आरतीने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"आप्पा, तुम्ही बाहेर बसा थोडा वेळ."

तो बाहेर आला. मधली भिंत प्लायवूडची होती. सगळं नाही, पण पुष्कळ काही पलीकडे येत होतं. आधी नुसता नळाचा आवाज आला. मग आरतीचा आवाज, इतका हळू की त्याला तो ओळखू यायला क्षणभर लागला.

"कुणी हात नाही लावला, मॅडम. लावला असता तर सांगता आलं असतं घरी. ते बोलतच नाहीत माझ्याशी. घरातलं कुणीच. काय चुकलं ते पण नाही सांगितलं."

सोपान बाकावरून उठला. पलीकडे, जिन्याच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी होती. तिथे खालच्या रस्त्याचा गोंगाट येत होता, मागे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरची शिट्टी येत होती. तो तिथे जाऊन बसला. शब्द आता कळत नव्हते. आवाज मात्र येत होता. एकदा सुरू झाल्यावर तो थांबत नव्हता. मध्येच चढायचा, तुटायचा, पुन्हा धरायचा.

गालाला रुमाल लावून बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे वाकून विचारलं, "भाऊ, आतल्या पेशंटला लई वेळ लागतोय. मोठं काम हाय का?"

"व्हय," सोपान म्हणाला. "तुमची घाई असंल, तर उद्या या."